अण्णांच्या गाडीवरची शिट्टी

लोक नव्या शेजाऱ्याला चहाला बोलावतात. मगदूम अण्णांनी मला ऐकायला बोलावलं.

शिवाजी पेठेत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. खोक्यांतून भांडी काढणं चाललं होतं, तेवढ्यात दारावर टकटक झाली. आधी वर, मग मध्ये, मग अगदी खाली. दार उघडलं तर सत्तरीचे एक गृहस्थ वाकून दाराच्या फळीकडे बघत होते. अंगात पांढरा सदरा, पायजमा, डोक्यावर विरळ आणि कानांवर मात्र भरघोस पांढरे केस. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"खालची फळी बदललीया मालकानं," ते म्हणाले. "सागवान न्हाय ही. बसका आवाज येतोय." मग ताठ होत त्यांनी माझी पायापासून डोक्यापर्यंत पाहणी केली. मलाही एकदा वाजवून बघतात की काय, अशी मला भीती वाटली. "तुम्हीच गाण्याचं मास्तर न्हवं? मग चला की. जरा ऐकून येऊ."

"काय ऐकून येऊ?"

"गाडी."

मी शाळेत संगीत शिकवतो. म्हणजे सकाळची प्रार्थना म्हणून घेतो आणि पंधरा ऑगस्टची गाणी बसवतो. त्याच्या पलीकडे माझ्या कानाची कुणी कधी कदर केलेली नाही. त्यामुळे असेल, मी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि निघालो. बायको मागून काहीतरी म्हणाली, ते मात्र मी ऐकलं नाही.

गाडी छोटी होती, फिकट निळ्या रंगाची, आणि तिच्या टपावर लोखंडी पाइपांचं कॅरियर होतं. एवढ्याशा गाडीवर एवढं मोठं कॅरियर म्हणजे पहिलीतल्या पोराच्या डोक्यावर सातवीतल्या भावाची टोपी. पेठेतल्या गल्ल्यांतून अंग चोरत आम्ही बाहेर पडलो, हायवेला लागलो. अण्णांनी काचा वर केल्या, गाडीचा पंखा बंद केला, मला म्हणाले, "आता बोलायचं न्हाय."

काटा साठाला टेकला आणि डोक्यावरून आवाज यायला लागला. कुकरची शिट्टी होण्याआधी नुसती सूं सूं सुरू होते ना, तसा. मग तो वाढला. सत्तरच्या पुढे तर कुणीतरी टपावर बसून बाटलीच्या तोंडावर फुंकतंय असं वाटायला लागलं.

"आलं! ऐकलासा? आलं!" अण्णांनी स्टीअरिंगवरचा एक हात वर केला. "आता सांगा, कुठनं येतंय?"

"कॅरियरमधून."

"ते पेठंतलं कुत्रंबी सांगंल. कॅरियरला म्होरं पाइप हाय, मागं पाइप हाय, बाजूला पट्ट्या हायत. नेमकं कुठनं?"

मला काही सांगता येईना. पण बोलावलंय तर काहीतरी सांगायला हवं, म्हणून म्हणालो, "सूर पेटीच्या काळी चारच्या आसपास वाटतोय."

ही माझी मोठी चूक झाली. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यापासून तालमीतल्या पोरांपर्यंत सगळ्यांना कळलं होतं, की अण्णांची गाडी काळी चारमध्ये वाजते आणि तसं खुद्द गाण्याच्या मास्तरांनी सांगितलंय; लेखी द्यायचं तेवढं राहिलं होतं. त्या दिवसापासून मी अण्णांचा अधिकृत कान झालो.

त्या पहिल्या फेरीतच मी त्यांना सगळं जग सांगत होतं तेच सांगितलं. "अण्णा, कॅरियर काढून टाका की."

ड्रायव्हरची सीट काढून टाका म्हटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कॅरियरचं सोडून बोला," ते म्हणाले.

कॅरियर का सोडता येत नव्हतं, ते पुढच्याच रविवारी कळलं. त्यांच्या पत्नी सुशीलाक्का चाकाच्या खुर्चीत असत. कंपवाताचा आजार, काही वर्षांपासूनचा. रविवारी अण्णा त्यांना माहेरी, हुपरीला घेऊन जात. गाडीच्या डिकीत गॅसची टाकी बसवलेली, मागच्या सीटवर खुर्ची आडवी होईना, म्हणून ती टपावर. अण्णा आधी अक्कांना दोन्ही हातांनी धरून पुढच्या सीटवर बसवायचे, पदर दारात अडकत नाही ना ते बघायचे, मग खुर्ची मिटवून वर चढवायचे. अक्का खिडकीतून आम्हा सगळ्यांकडे बघून हसायच्या. बोलायच्या मात्र नाहीत. मी समजलो, आजारामुळे वाचा गेली असेल.

अण्णांची उभी हयात शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत गेली होती. ओतून आलेला प्रत्येक तुकडा हातोडीने वाजवायचा आणि चीर आहे की नाही ते कानाने ठरवायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीला हातोडी तिथेच ठेवावी लागली, बोटं मात्र घरी आली. अण्णा नारळ वाजवायचे, कलिंगड वाजवायचे, इथपर्यंत ठीक. ते बँकेचं काउंटर वाजवायचे, डॉक्टरांचं टेबल वाजवायचे. माझी पेटी त्यांनी चारी बाजूंनी वाजवली आणि गंभीर चेहऱ्याने निकाल दिला, "आत पोकळ हाय हो, सर. फसवलं तुम्हाला." आता पेटी आतून पोकळ नसेल तर वाजेल कशी! पण अण्णांच्या चेहऱ्यावरचं दुःख इतकं खरं होतं, की मीच त्यांची समजूत घातली.

तेव्हा पेठेनं असं ठरवून टाकलं होतं, की शिट्टीचं हे खूळ म्हणजे फाउंड्रीचीच खोड. कान रिकामा राहिला, त्याला काहीतरी लागतं. मीही तेच धरून चाललो होतो.

आणि खूळही साधं नव्हतं. पहिल्यांदा त्यांनी कॅरियरचे सगळे बोल्ट आवळले. शिट्टी होती तशीच राहिली. मग पाइपांची उघडी तोंडं लाकडाचे बूच ठोकून बंद केली. शिट्टी थोडी गोड झाली, एवढंच. मग अक्कांची दोन जुनी लुगडी पाइपांना गुंडाळली. हायवेवर वाऱ्यानं त्यांचे पदर सुटले आणि गाडीच्या मागे दोन्ही बाजूंनी हिरवे-जांभळे झेंडे फडफडायला लागले. टोलनाक्याच्या अलीकडे एका पोलिसानं गाडी थांबवून अदबीनं विचारलं, "वऱ्हाड मागं हाय काय?"

फुटबॉलची गोष्ट तर पेठेत अजून सांगतात. तालमीच्या फुटबॉल संघाची पोरं गल्लीत सराव करत होती. कुणीतरी मारलेला बॉल उडाला तो थेट कॅरियरच्या पुढच्या दोन पाइपांच्या मध्ये घट्ट बसला. अण्णांना पत्ताच नाही. ते आपले गाडी काढून एकटेच ऐकायला निघाले. पोरं मागून ओरडत धावली, पण अण्णांनी काचा वर केलेल्या. मोटारसायकलवर बसून दोघांनी त्यांना हायवेवर गाठलं, तर अण्णा गाडी कडेला लावून, हात जोडून बॉलकडे बघत उभे.

"काका, बॉल द्या. उद्या मॅच हाय."

"द्यायचा न्हाय," अण्णा म्हणाले. "आवाज निम्म्यावर आलाय."

शेवटी तालमीचे वस्ताद मध्ये पडले. मॅच होईपर्यंत बॉल पोरांकडे, मॅचनंतर अण्णांकडे असं ठरलं. पोरं मॅच हरली आणि बॉलवरचा राग म्हणून तो त्यांनी आनंदानं देऊन टाकला. पण दुसऱ्यांदा बसवल्यावर काही तो तसा बसेना. उलट त्याच्या फाटक्या शिवणीतून वेगळीच एक शिट्टी निघायला लागली. "आता दोन झाल्या," अण्णा मला म्हणाले. एखाद्याने घरात जुळं झाल्याचं सांगावं तसं.

त्यानंतर आली ती पाटी. कॅरियरच्या पुढे तिरका आडोसा लावला की वारं वरून निघून जातं, असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं. बोर्ड रंगवणाऱ्या एका ओळखीच्याकडून प्लास्टिकच्या जाड पाटीचा जुना तुकडा आणला, कापला, वाकवला आणि बसवला. अक्षरं आतल्या बाजूला गेली म्हणून अण्णा निर्धास्त. पण पाटी होती दुधी रंगाची, तिच्यातून ऊन आरपार जायचं. मगदूमांचं घर जैन, कांदासुद्धा वर्ज्य. आणि त्यांच्या गाडीच्या कपाळावर उलट्या लाल अक्षरांत मटणाच्या खानावळीचं 'तांबडा-पांढरा अनलिमिटेड'. असे ते हुपरीला सासुरवाडीत जाऊन आले. मेव्हणे सज्जन माणूस. जेवण होईपर्यंत काही बोलले नाहीत. हात धुताना मात्र हळूच म्हणाले, "दाजी, नवीन धंदा काढला म्हणायचा."

हा किस्सा अण्णांनी स्वतःच मला सांगितला. दुपारची वेळ होती. गल्लीत गाडी लावून, पाटी उतरवून ते घराच्या पायरीवर बसले होते आणि पक्कडीने तिच्या पट्ट्यांचे स्क्रू काढत होते. मी खूप हसलो. तेही हसले. पण हसता हसता त्यांनी पक्कड मांडीवर ठेवली आणि पाटीकडे बघत राहिले.

"ही पण गेली," ते म्हणाले.

मला पहिल्यांदाच जरा चिडल्यासारखं झालं. "अण्णा, जाऊ द्या की आता. हुपरी ती अशी कितीशी लांब? अर्ध्या तासाची शिट्टी. सोसली तर काय बिघडतं?"

अण्णांनी घराच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकी बंद होती. अक्का दुपारच्या झोपल्या असाव्यात.

"तुम्ही आमच्या हिचा आवाज ऐकला न्हाईसा," ते म्हणाले.

"त्या बोलतात?"

"बोलतात म्हंजे!" अण्णा एकदम खुलले. "सर, ही दारात हुबी ऱ्हाऊन हाक मारायची, तर चौकात रिक्षा थांबायची. मी फाउंड्रीतनं यायचो. तिथं दिवसभर धाड धाड. घरी आलो की हिचं सुरू. शेजारणीचं, भाजीवालीचं, माझ्या आईचं. मी म्हणायचो, अगं, जरा दम घे, तिथलं मशीन बरं. खरंच म्हणायचो तसं." त्यांनी पाटीवर बोटानं टकटक केलं. "आजार झाल्यावर पाय गेलं ते गेलं. मग आवाज बसत गेला. आता नुसतं ओठातल्या ओठात. घरात पावणं येत्यात, वाकून वाकून इचारत्यात, काय? काय म्हणालीस? परत सांग. तिला लाज वाटती त्याची. म्हणून तिनं घरात बोलायचंच सोडलं. माझ्यासंगंसुद्धा."

"आणि गाडीत?"

"गाडीत बोलती. गाडीत कोण बघत न्हाय न्हवं तोंडाकडं. मी रस्त्याकडं बघतोय, ती रस्त्याकडं बघतीय. मग आपोआप येतं तिला. पण लई बारीक. आणि एकदाच. परत इचारलं की गप्प. पहिल्यापासनंच तशी हाय, एक गोष्ट दोनदा सांगायची न्हाय. पयलं गरजच पडत नव्हती म्हणा."

मग त्यांनी मला रस्त्यांचं गणित सांगितलं. उचगावाकडच्या आतल्या रस्त्याला खड्डे आणि स्पीडब्रेकर. अक्कांचं अंग दुखतं. हायवे गुळगुळीत, पण तिथे हळू गेलं की मागचे ट्रकवाले हॉर्न मारतात, त्यात तर काहीच ऐकू येत नाही. वेगानं जावं तर वरून शिट्टी.

"दिवाळीच्या आदी," अण्णा म्हणाले, "कागलच्या बाजूला जाताना कायतरी म्हणाली. चांगलं लांबलचक बोलली. मधी माझं नाव पण घेतलं. नाव घेत न्हाय हो ती कधी, उखाण्यात सोडलं तर! आणि वरनं हे बेणं शिट्टी घालतंय. मी म्हणालो, काय म्हणालीस? तर नुसती हसली. मग बाहेर बघाय लागली." त्यांनी पक्कड उचलली आणि पुन्हा ठेवली. "काय म्हणाली असंल, सर?"

मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसलो आणि दुसऱ्या बाजूचा स्क्रू धरला. पुढे काही दिवस घरात बायको मला काही सांगायला लागली की मी हातातलं काम ठेवायचो. तिला वाटलं, माझी तब्येत बिघडलीय.

दिवस गेले. अण्णांचे प्रयोग थंडावले होते. अक्कांचा आवाज आणखी खाली गेल्याचं तेच एकदा म्हणाले. एका रविवारी सकाळी त्यांनी आमच्या दारावर, नुसतं एकदाच, टकटक केली. "सर, मोकळं हाय काय? खुर्ची चढवायला माणूस पायजे. हात वर जाईना माझा, खांद्यात धरलाय. हुपरीला उतरवायला पण लागंल. जेवूनच येऊ."

मी निघालो. अण्णांनी अक्कांना गाडीत बसवलं. खुर्ची वर चढवायचं आणि बांधायचं काम माझ्याकडे आलं. मला दोरी बांधता येत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी बांधलेला पडदा दरवर्षी पडतो. अण्णा खालून सूचना देत होते, "तिकडनं घ्या, हिकडनं काढा," आणि मी इकडून घेऊन तिकडून काढत होतो. एकदाची खुर्ची जागेवर घट्ट बसली, पण हातात भली मोठी नायलॉनची दोरी उरली. कापायला अण्णा देईनात, लोंबती ठेवायची नाही. मग मी ती आपली पुढच्या पाइपाला गुंडाळत गेलो, वेलीसारखी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि शेवटी एक गाठ मारली. दिसायला फार वाईट दिसत होतं.

"ऱ्हाऊ द्या," अण्णा म्हणाले. "हुपरीत सोडायचंच हाय."

मी मागे बसलो. गाडी हायवेला लागली. अक्कांनी शालीतून हात बाहेर काढून मांडीवर ठेवले होते. उजवा हात सारखा हलत होता, तांदळातले खडे निवडल्यासारखा. अण्णांनी सवयीनं काचा वर केल्या. काटा साठावर आला. सत्तरवर आला.

काहीच झालं नाही.

अण्णांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. काटा आणखी थोडा वर गेला. टायरांची घरघर होती, इंजिनाची गुरगुर होती, वाऱ्याची एक मऊ सळसळ होती. शिट्टी नव्हती.

"दोरी," मी कुजबुजलो. "अण्णा, ती गुंडाळलेली दोरी!"

अण्णांनी ओठांवर बोट ठेवलं. मला वाटलं होतं ते ओरडतील, गाडी थांबवतील, उतरून पाइपाच्या पाया पडतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरलं आणि डावा कान किंचित अक्कांकडे केला.

अक्का बोलल्या नाहीत.

रस्त्याकडेला कारखान्यांच्या भिंती गेल्या, उसाची शेतं आली. अण्णांनी घसा खाकरला. "हितं नवीन पेट्रोल पंप झालाय बघ," ते म्हणाले. अक्कांनी पंपाकडे पाहिलं. पंप मागे गेला. "यंदा ऊस लवकर तुटाय लागला," अण्णा म्हणाले. उसाचा ट्रॅक्टर गेला. अण्णांच्या मानेवरची शीर मला मागून दिसत होती. एवढी खटपट करून गाडी शांत केली आणि आता तिच्यात नुसती शांतताच उरली, असं माझ्या मनात आलं. त्यांच्याही आलं असावं. वेग थोडा कमी झाला.

मग मला काहीतरी ऐकू आलं. आधी वाटलं, अक्कांची शाल सीटवर घासतेय. तसाच आवाज होता, सुक्या पानासारखा. पण त्यात शब्द होते.

"सरांस्नी सांगा की," अक्का म्हणत होत्या, "मला बघायला आलतासा त्ये."

अण्णांनी कान आणखी थोडा त्यांच्याकडे केला.

"आमच्या हुपरीत," अक्का समोर रस्त्याकडे बघत बोलत राहिल्या, एका श्वासात दोन-तीन शब्द, मग पुन्हा श्वास, "घरात पैंजणांचं काम. सगळी मान खाली घालून बसलेली. हे आलं. बसलं. च्या प्यालं. एक सबूद बोललं न्हाईत. आमच्या बाला वाटलं, स्थळ मुकंच हाय. आई म्हणाली, बरं झालं. पोरगी बोलंल दोघांचं."

मी मागे मोठ्यानं हसलो आणि लगेच तोंडावर हात ठेवला. अक्कांच्या खांद्यांवरून कळत होतं, की त्याही हसतायत.

"तू बोलूच दिलं न्हाईस," अण्णा म्हणाले. "पयल्या दिवसापासनं."

"मग? कुणीतरी बोलाय नको?"

त्या बोलायला लागल्या. गल्लीतल्या कुण्या चुलतीबद्दल, एका म्हशीबद्दल, लग्नात उशिरा आलेल्या वाजंत्र्यांबद्दल. काही शब्द मला कळत होते, काही नाही. अण्णांना सगळे कळत होते. ते मान हलवत होते, "व्हय" म्हणत होते, "मग?" म्हणत होते. डाव्या हाताला हुपरीचा फाटा आला. पाटी मला स्वच्छ दिसली. अण्णांनाही दिसली असणार. गाडी सरळ पुढे गेली.

अक्का थांबल्या. हलणाऱ्या हाताने त्यांनी मागे खूण केली.

"आवं, फाटा गेला की."

"जाऊ दे," अण्णा म्हणाले. "पुढनं कुठनंतरी वळू. तू बोल."